अपघातप्रवण, सावकाश, दरड : घाटातल्या पाट्यांवरचे शब्द

रस्तावेडा :
गेल्या आठवड्यात कराडहून चिपळूणला कुंभार्ली घाटाने उतरलो. एरवी गाडी मीच चालवतो, त्यामुळे पाट्यांकडे ओझरतं लक्ष जातं. या वेळी मित्र चालवत होता आणि मी शेजारी बसून एकेक पाटी वाचत होतो. पाटणच्या पुढे कोयनेचं खोरं अरुंद होत गेलं, हेळवाक मागे पडलं आणि घाटाच्या तोंडाशी पाटी आली, ‘अपघातप्रवण क्षेत्र’. मागच्या सीटवरून मित्राच्या मुलीने विचारलं, “काका, प्रवण म्हणजे काय?” मी म्हटलं, जिथे अपघात होतात ती जागा. तिने लगेच विचारलं, “ते कळलं, पण नुसतं प्रवण म्हणजे काय?”

मला सांगता आलं नाही. इतकी वर्षं हा शब्द मी अख्खाच्या अख्खा गिळत आलो आहे. जाणकारांनी सांगावं. पाट्यांवरचे असे आणखी कोणते शब्द आपण न फोडता वाचतो, तेही लिहा.

अक्षरवाट :
मुलीला सांगा, तिने अगदी योग्य जागी विचारलं. ‘प्रवण’ हा संस्कृत शब्द मुळात उताराचाच आहे. प्रवण म्हणजे खाली उतरत गेलेली, ढाळ असलेली जमीन, पाणी आपसूक ज्या बाजूला जाईल ती. त्यावरून ‘एखाद्या गोष्टीकडे झुकलेला’ हा अर्थ आला. मराठीत ‘कल’ शब्दाचं हेच झालं आहे. जमिनीलाही कल असतो आणि मुलाचाही गणिताकडे कल असतो. ‘ओढा’ घ्या, डोंगरातून वाहतो तोही ओढा आणि मनाचा असतो तोही ओढाच.

म्हणजे अपघातप्रवण क्षेत्र ही अपघाताकडे कललेली जागा. तिथे काही न करता सोडून दिलं तर गोष्टी त्याच बाजूला घरंगळतात. सरकारी भाषेतलं ‘अवर्षणप्रवण क्षेत्र’ही असंच. एक विनंती, हा सामासिक शब्द आहे, ‘अपघात प्रवण’ असा तोडून लिहू नये. पाट्यांवर तो सर्रास तोडलेला दिसतो.

साइडपट्टी :
अर्थ सुंदर आहे, पण पाटी वाचणाऱ्याचा विचार करा. ताशी ४० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला ११ मीटर जाते. पाटी डोळ्यांसमोर तीन सेकंद राहिली, तर तेवढ्यात ३३ मीटर रस्ता संपलेला असतो. सात अक्षरं, त्यात एक जोडाक्षर आणि पुढे ‘क्षेत्र’. मी बरीच वर्षं मालाची गाडी चालवली आहे. आमच्यापैकी कुणीही हा शब्द बोलण्यात वापरला नाही. ‘अवघड वळण’ लिहिलेलं असलं की मात्र पाय आपोआप ब्रेकवर जायचा. ‘तीव्र चढ’ मलाही कळतो, पण आम्ही ‘उभी चढण’ म्हणतो आणि ते ऐकताच चढ डोळ्यांपुढे उभा राहतो.

चढणीचा विषय निघालाच आहे तर सांगतो, कारण हे माहीत नसलेले फार जण घाटात भेटतात. रस्ता अरुंद असेल तर उतरणाऱ्याने थांबून चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची. १९८९ च्या नियमांतही हे होतं. भरलेली गाडी चढणीवर एकदा थांबली की पुन्हा उचलताना मागे सरकते, हे त्यामागचं साधं कारण.

अक्षरवाट :
तुमचं म्हणणं पटलं. प्रवण शब्द अहवालात शोभतो, रस्त्यावर ‘अवघड वळण’च हवं.

मोरीवरची :
माझ्याकडून ‘सावकाश’. आपण त्याचा अर्थ ‘हळू’ एवढाच घेतो. फोडला की स + अवकाश, म्हणजे अवकाशासहित. अवकाश म्हणजे मोकळी जागा आणि मोकळा वेळही. ‘वाहने सावकाश चालवा’ यात पुढच्या गाडीपासून अंतर ठेवा, हातात वेळ ठेवून निघा, हे सगळं आलं. पंगतीत ‘सावकाश होऊ द्या’ म्हणतात तेव्हा हळू जेवा असं थोडंच म्हणायचं असतं! घाई नाही, मन मोकळं ठेवून बसा, असं सांगायचं असतं. त्याच मायेने घाटातली पाटी वाचावी असं मला मनापासून वाटतं.

आणि जुन्या पाट्यांवर ‘सावकाश हाका’ असायचं. हाकणे हे बैलगाडीचं क्रियापद मोटारीलाही चालत होतं. आता सगळीकडे ‘चालवा’ झालं. हाकण्यात पुढे जिवंत जनावर आहे ही जाणीव होती, ती ‘चालवा’त नाही.

रस्तावेडा :
सावकाशचा हा अर्थ मी आज पहिल्यांदा ऐकला, ताई. आता ‘दरड’बद्दल विचारतो. ‘दरड कोसळण्याची शक्यता’ ही पाटी घाटात दोनदा दिसली. पहिल्या पाटीपाशी डोंगराच्या अंगावर लोखंडी जाळी ताणलेली होती आणि जाळीच्या पोटात नारळाएवढे दगड साठून ती फुगली होती. आम्ही म्हणतो ‘रस्त्यावर दरड आली’, ‘दरड हटवली’. मग दरड म्हणजे ते पडलेले दगड, की आणखी काही?

अक्षरवाट :
दरड म्हणजे उभा तुटलेला कडा किंवा काठ. नदीलाही दरड असते, पावसाळ्यात पाण्याने ती पोखरते. कोसळते ती दरड, म्हणजे तो उभा भागच ढासळतो. पुढे कोसळलेल्या मातीदगडांनाही लोक दरड म्हणू लागले आणि ‘दरड हटवली’ रूढ झालं. मला त्यात गैर वाटत नाही. पण पाटी वाचताना मूळ अर्थ लक्षात असलेला बरा. वर बघा, तो कडा आहे, असं पाटी सांगते आहे. अलीकडे बातम्यांत ‘भूस्खलन’ वाढलं आहे. शब्द चुकीचा नाही. पण माती घसरणं, कडा ढासळणं, रस्ता खचणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि मराठीत तिन्हींना आपापली क्रियापदं आहेत. एकाच शब्दाखाली त्या झाकून टाकू नयेत.

साइडपट्टी :
बरोबर. ‘साइडपट्टी खचली आहे’ म्हटलं की मी गाडी डोंगराकडे घेतो. ‘दरड पडते आहे’ म्हटलं की डोंगरापासून लांब राहतो. शब्द चुकला तर गाडी नको त्या बाजूला जाईल.

मोरीवरची :
एक शब्द पाटीवर नसतो, पण प्रवासात सतत तोंडी असतो. तो म्हणजे ‘लागणे’. पाटण लागतं, मग घाट लागतो आणि घाट लागला की कुणाला तरी गाडी लागते. तिन्ही ठिकाणी क्रियापद तेच. मुक्काम स्थिर असतो, चालत आपण असतो, तरी मराठीत ‘लागतं’ ते गावच.

रस्तावेडा :
मुलीला फोनवर प्रवण सांगितलं. तिने वहीत उतरता रस्ता काढला आणि त्यावरून घरंगळणारी गाडी.

एक राहिलं. चिमट्यासारखं उलट फिरणारं वळण, जिथे आपण आलो तो रस्ता खाली पायाशी दिसतो, त्याला आपण हेअरपिनच म्हणतो. हिंदीत ‘कैंची मोड़’ आहे. आपल्याकडे ‘नागमोडी’ आहे, पण ते वळणांच्या ओळीला शोभतं, एका वळणाला नाही. मला ‘मुरड’ सुचतो. मुरडणे म्हणजे मागे वळणे, जुन्या मराठीत तर परतणे. या वळणावर रस्ता नेमकं तेच करतो.

साइडपट्टी :
मुरड. तीन अक्षरं, जोडाक्षर नाही. पाटीवर बसेल.