डोळ्यांनी कर्सर, आवाजाने क्लिक: बारीक बटणं हुकतात, नको तिथे क्लिक होतो

प्रश्न:
मनगटांवर ताण नको म्हणून माउस-कीबोर्ड पूर्ण बाजूला ठेवायचे आहेत. टोबी आय ट्रॅकर ५ (नजर टिपणारं उपकरण), २४ इंची फुल एचडी स्क्रीन आणि टॅलन (आवाजाने व नजरेने संगणक चालवायचं सॉफ्टवेअर) अशी जुळणी आहे. टॅबच्या फुलीसारख्या बारीक जागी कर्सर टिकत नाही, पुन्हा कॅलिब्रेशन (ट्रॅकर नजरेशी जुळवून घेणं) करूनही फरक नाही. शिवाय मजकूर सांगताना मध्येच क्लिक होतो. काय बदलावं?

उत्तर १:
कॅलिब्रेशनच्या मागे लागू नका. डोळ्याचा बारीक पाहणारा भागच एक-दोन अंशांचा असतो. वस्तू त्यात कुठेही आली तरी स्पष्ट दिसते, त्यामुळे नजर नेमकी तिच्या मध्यावर येतच नाही. ६० सेंमीवरून एक अंश म्हणजे स्क्रीनवर साधारण १ सेंमी, तुमच्याकडे सुमारे ३८ पिक्सेल. टॅबची फुली त्याच्या निम्मीही नसते.

उरलेलं अंतर दुसऱ्या मार्गाने कापावं लागतं. टॅलनच्या ‘कंट्रोल माउस’ पद्धतीत नजरेने कर्सर जवळ आणून डोकं किंचित वळवत तो जागेवर बसवायचा. ‘कंट्रोल झूम’मध्ये ओठांनी केलेल्या पहिल्या ‘पॉप’ आवाजाला नजरेखालचा भाग मोठा होतो, दुसऱ्याला क्लिक होतो. दिवसभराच्या कामाला झूमच घ्या, मान दुखत नाही. विंडोजचं स्केलिंग (अक्षरं-बटणांचा आकार) १२५ किंवा १५० टक्के करा. आणि जे नुसतं बोलून होतं त्यासाठी नेम धरायचाच कशाला? कम्युनिटी कमांड्स (टॅलन वापरणाऱ्यांनी बनवलेला आज्ञांचा संच) टाकल्या असतील तर ‘टॅब क्लोज’ म्हटलं की झालं. ब्राउझरमध्ये रँगो एक्स्टेन्शन घाला; प्रत्येक लिंकशेजारी अक्षरं उमटतात, ती बोलून क्लिक करता येतो.

उत्तर २:
मधले क्लिक माइकमुळे होत असावेत. ‘प’, ‘ब’ उच्चारताना ओठांतून हवेचा झोत सुटतो, तो थेट माइकवर आदळला की टॅलनला पॉप वाटतो. हेडसेटचा माइक ओठांसमोरून हटवून ओठांच्या कोपऱ्याशी, दोन बोटं लांब ठेवा आणि त्यावर फोमची टोपी चढवा. लांब मजकूर सांगताना नजरेचा माउस बंदच ठेवा; कोणाशी बोलायचं असेल तर ‘टॅलन स्लीप’, परत येताना ‘टॅलन वेक’. घशाचीही काळजी घ्या. ओळख नीट होत नसेल तर आवाज चढवू नका, माइकचा गेन (आवाज पकडायची पातळी) वाढवा. मनगटं वाचवताना घसा बसला तर काय उपयोग!

प्रश्नकर्ता:
माइक सरकवल्यावर क्लिक थांबले. पण स्क्रीनच्या खालच्या कडेला कर्सर अजून उड्या मारतो. चष्मा बायफोकल आहे.

उत्तर १:
मग तेच कारण दिसतंय. खालच्या भिंगातून बघायला हनुवटी वर जाते, आणि भिंगांमधली रेघ बुबुळाच्या प्रतिमेला तोडते. स्क्रीनच्या अंतरासाठी एकाच नंबरचा चष्मा करून घ्या आणि तोच घालून कॅलिब्रेशन करा. ट्रॅकर इन्फ्रारेड प्रकाशावर चालतो, म्हणून खिडकीचं ऊन चेहऱ्यावर किंवा काचेवर पडू देऊ नका. पडदा ओढून पाहा, लगेच फरक कळेल.