घाटात बंद पडणाऱ्या पद्मिनीला पंखा काय करणार?

जुनी_फियाट: काल इथे कुणीतरी लिहिलं, "पद्मिनीला (जुन्या प्रीमियर फियाटला) इलेक्ट्रिक फॅन लावा, थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी अडवणारी झडप) काढून फेका, घाटात गाडी बंद पडणार नाही." वाचून राहवलं नाही. अहो, गाडी कशाने बंद पडते ते तरी आधी बघा! तापमानाचा काटा लाल रेषेच्या खाली, रेडिएटर शांत, आणि गाडी झटके खात थांबते, तेव्हा उकळलेलं असतं पेट्रोल. एसी कंपनीचा पेट्रोल पंप बसतो थेट इंजिनच्या ब्लॉकवर आणि मागच्या टाकीतून पेट्रोल ओढतो. ओढताना नळीतला दाब उतरतो, म्हणून पेट्रोल लवकर उकळतं, त्यात ब्लॉकची धग. मग पंप नुसती वाफ ओढत बसतो. टॅक्सीवाले पंपावर ओलं फडकं उगाच टाकायचे का? नळी एक्झॉस्टपासून लांब घ्या, मधे पत्रा लावा.

आंबेनळी: ते मीच लिहिलं होतं. थर्मोस्टॅट काढल्यापासून माझी गाडी ऐन मे महिन्यात पोलादपूरहून महाबळेश्वरला न थांबता चढते. तुमचं शास्त्र तुमच्यापाशी ठेवा.

मीनल_ठाणे: थर्मोस्टॅट काढून थंडीत इंजिन तापायला वेळ घेतं, पेट्रोल जास्त पितं, त्याचं काय? माझ्या बाबांची टॅक्सी होती. दर उन्हाळ्याआधी रेडिएटर खोलून नळ्यांत सळई फिरवून घ्यायचे, आधी गाळ काढा म्हणायचे. आणि रेडिएटरचं झाकण बघा, ते दाब धरतं म्हणून पाणी उशिरा उकळतं. महाबळेश्वरच्या उंचीवर उघडं पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं; झाकणाची स्प्रिंग मेली असेल तर कुठलाही फॅन पुरणार नाही.

ई२०_नको: फॅनवर कसले भांडताय? इथेनॉल मिसळलं की पेट्रोल लवकर वाफ धरतं. माझ्या पंपाचा डायफ्रॅम (आतला रबरी पडदा) फुगून वाया गेला. या गाड्यांसाठी साधं पेट्रोल ठेवायलाच हवं.

ऊस_कोल्हापूर: आलं शेतकऱ्यावर! उसापासूनच्या इथेनॉलमुळे आमच्या कारखान्याची ऊसबिलं वेळेवर निघायला लागली. कुर्ल्याच्या कारखान्यात बनणारी ही पद्मिनी बंद होऊन वीस वर्षं उलटली, तिच्या रबरासाठी आम्ही पुन्हा थकबाकी सोसायची?

ई२०_नको: शेतकऱ्याला कोण बोललंय? पेट्रोल पंपावर साध्या पेट्रोलचा एक नोझल वेगळा मागतोय. जुनी गाडी म्हणजे श्रीमंतांचे चोचले नव्हेत, माझ्या आजोबांनी कर्ज काढून घेतलेली आहे ती.

ऊस_कोल्हापूर: मग इथेनॉल सोसणारा डायफ्रॅम बसवा. आणि वर टॅक्सीवाल्यांच्या ओल्या फडक्याचं लिहिलंय ते वाचा; ते इथेनॉलच्या कितीतरी आधीपासूनचं आहे, म्हणजे वाफ तेव्हाही धरायचीच.

ई२०_नको: फडक्याचं बरोबर आहे. नोझलची मागणी सोडत नाही.

फायबर_पॅकिंग: पंपाखाली जाड फायबर घाला, धग पोचणारच नाही.

जुनी_फियाट: कृपा करून लोकांना हे सांगू नका! पॅकिंग जाड झालं की पंपाचा दांडा कॅमवर (त्याला ढकलणाऱ्या इंजिनातल्या फिरत्या उंचवट्यावर) पुरेसा दाबला जात नाही, पेट्रोलच कमी येतं. जाड पॅकिंग कार्बोरेटरखाली चालेल. आणि ट्रकच्या मागे पहिल्या गिअरमध्ये रांगताना इलेक्ट्रिक फॅनचा उपयोग होतो, तेवढं मान्य.

आंबेनळी: उशिरा का होईना, मान्य केलंत. पत्रा लावून बघतो. थर्मोस्टॅट मात्र परत बसवणार नाही.

जुनी_फियाट: नका बसवू. पत्रा पंपाला टेकवू नका, बोटभर फट ठेवा, हवा खेळली पाहिजे.