मदत हवी आहे: आई दादाचं ताट अजून वेगळं ठेवते

नमस्कार मंडळी, आम्ही निपाणीकडचे, गाव सांगत नाही, इथं एका गल्लीत शिंकलं की दुसऱ्या गल्लीत कळतंय. माझ्या मोठ्या भावाला एचआयव्ही आहे, चार वर्षं झाली एआरटी म्हणजे एचआयव्ही दाबून ठेवणारं औषध चालू आहे, रोज रात्री एकच गोळी. मागच्या दोन्ही वेळा तपासणीत व्हायरल लोड, म्हणजे रक्तातला विषाणू, सापडलाच नाही, काउन्सिलर मॅडम म्हणाल्या गोळी न चुकवता असाच राहिला तर संबंधातूनसुद्धा वहिनीला लागण होत नाही. वहिनी निगेटिव्ह आहे. म्हणजे औषध आपलं काम करतंय, घोडं अडलंय घरात.

आईनं त्याचं ताट-पेला वेगळा केलाय, पेल्याच्या बुडाला लाल नेलपॉलिशचा ठिपका. एकदा मी मुद्दाम त्यातूनच चहा प्यालो तर पदर तोंडाला लावून रडायलाच लागली, आता तिच्यावर ओरडणार तरी कसं? दादा काही बोलत नाही, जेवला की गुमान उठतो, मोरीत आपलं ताट आपणच धुतो.

आणि गोळ्यांचं वेगळंच. गोळ्या देणाऱ्या जवळच्या एआरटी सेंटरला कोणी ओळखीचं भेटेल म्हणून लांब नाव घातलंय, ऊस कारखान्याला जायच्या दिवसांत जमत नाही, मागं तीन दिवस खाडा पडला. बसमध्ये डबी खुळखुळते म्हणून आत कापूस कोंबतो, लेबल नखानं खरवडून काढतो. सेंटर बदलता येतं का? आणि आईला मराठीतून कोण समजावेल?

प्रतिसाद १: भाऊ, मी खानापूरकडचा, स्वतः पॉझिटिव्ह, 11 वर्षं झाली. सेंटर बदलता येतं, ट्रान्सफर मागा. तब्येत स्थिर असेल तर एकदम दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या मिळतात का तेही विचारा, खेपा वाचतील. खाडा पडलेला लपवू नका म्हणावं, मॅडमना सांगा. 1097 ही एचआयव्हीची हेल्पलाइन आहे, तिथं फोन करा, फुकट आहे, नाव सांगावं लागत नाही. 2017 चा एचआयव्ही-एड्सचा कायदा आहे, दादाच्या परवानगीशिवाय त्याचा आजार कोणी बाहेर सांगू शकत नाही. आमच्या आईचं पण असंच होतं बघा, आम्ही सांगून थकलो, ताटातून लागत नाही हे तिला सेंटरमधल्या बाईंनीच पटवलं. दादा हो म्हणाला तरच आईला तिथं न्या मात्र.

धागाकर्ता: थँक्यू ओ. दादाला आज रात्री विचारतो. एक सांगा, तिथं रांगेत नाव घेऊन मोठ्यानं हाक मारतात काय? आईला तेवढीच भीती आहे.