विकत घेतलेल्या गेमचं काय?

"गेम विकत घेतलेला असो वा नसो, क्रॅक (गेमचं कॉपी रोखणारं लॉक काढून टाकणारी फाइल) वापरला की चोरीच" हे या चर्चेत म्हटलंय ते मला अर्धंच पटतं. नवा गेम फुकटात उतरवून खेळणं चोरीच, त्यावर वाद नाही. पण पैसे मोजून घेतलेल्या डिस्कचं काय? २०१५ मध्ये विंडोज १० आलं त्यात मायक्रोसॉफ्टने सेफडिस्कचा (डिस्क ओरिजिनल आहे का हे तपासणारं जुन्या गेममधलं लॉक) सपोर्टच काढला, कारण त्याचा ड्रायव्हर सिस्टीममध्ये इतका खोल शिरायचा की सुरक्षेलाच धोका, आणि मग कितीतरी जुने गेम ओरिजिनल डिस्क घालूनही चालेनात. ते चालवायला क्रॅक वापरला तर तीही चोरीच का?

आणि आपल्या कायद्याबद्दल इथे कुणी बोललंच नाहीये. २०१२ च्या दुरुस्तीत कॉपीराइट कायद्यात ६५अ कलम आलं, असं लॉक तोडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि वर दंड, पण त्यात हक्कभंगाचा हेतू असावा लागतो. अमेरिकेत १९९८ च्या डीएमसीए या कॉपीराइट कायद्यानुसार लॉक तोडणंच मुळात बेकायदा, दर तीन वर्षांनी सवलती मागत बसायचं, सर्व्हर बंद पडलेल्या गेमसाठी ती २०१५ ला मिळाली. मला हेतू बघणारा आपला कायदाच जास्त न्याय्य वाटतो, फक्त स्वतःचा गेम चालवायला लॉक काढलं तर गुन्हा नाही हे त्यात स्पष्ट शब्दांत लिहायला हवं.