वेस माँटगोमेरी: आधी काय ऐकावं आणि ऑक्टेव्हमध्ये मधली तार का वाजते?

सातरस्ता_सहातार:
जॅझ गिटारवादक वेस माँटगोमेरीचा ‘अ डे इन द लाइफ’ (१९६७) हा अल्बम ऐकला, पण व्हायोलिनांच्या गर्दीत गिटार फारशी हाती लागत नाही. अंगठ्याने ऑक्टेव्ह (एकच सूर दोन सप्तकांत, दोन तारांवर एकदम) काढताना त्या दोघींमधली तार हमखास वाजते. गिटार स्ट्रॅटसारखी (फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टर या इलेक्ट्रिक गिटारसारखी) आहे, तारा ९ च्या, म्हणजे पातळ. काय चुकतंय?

निळी_पट्टी:
उलट्या टोकाकडून सुरुवात केलीत. तो शेवटच्या काळातला, रेडिओसाठी गुळगुळीत केलेला वेस. जानेवारी १९६० मधला ‘द इन्क्रेडिबल जॅझ गिटार’ घ्या. चौघंच वाजवताहेत, पियानोवर टॉमी फ्लॅनागन. ‘वेस्ट कोस्ट ब्लूज’मध्ये त्याची पद्धत उघड दिसते: आधी सुटे सूर, मग ऑक्टेव्ह, शेवटी कॉर्ड (अनेक सूर एकदम). मग कॅलिफोर्नियातल्या बर्कलीच्या त्सुबो या कॉफीहाउसमध्ये जून १९६२ ला रेकॉर्ड झालेला ‘फुल हाउस’. ‘स्मोकिन अ‍ॅट द हाफ नोट’च्या नावावर जाऊ नका (हाफ नोट हा क्लब); मूळ तबकडीतली पहिली बाजूच क्लबमधली, ‘फोर ऑन सिक्स’ स्टुडिओतलं आहे. वाजवणं मात्र दोन्हीकडे जबरदस्त.

अंगठेबहाद्दर:
दोष बहुधा डाव्या हाताचा. सहावी (सगळ्यात जाड तार)-चौथी आणि पाचवी-तिसरी या जोड्यांत दोन फ्रेटचं (गळ्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांचं) अंतर, चौथी-दुसरी आणि तिसरी-पहिलीत तीन. तर्जनी जाड तारेवर टेकवा, पण सरळ उभी नको. जरा आडवी झुकवली की तिची खालची बाजू मधल्या तारेला नुसती शिवते आणि ती मुकी होते. दाबलीत तर मात्र तीही वाजणार. पाचवी-तिसरी धरताना तर्जनीचं टोक सहावीलाही लागू द्या. अंगठा तीन तारांवरून एका झटक्यात खाली जातो, त्यामुळे जी तार मुकी नाही ती बोलणारच. नख नको, मांसल भाग हवा. मेट्रोनोम ६० वर, प्रत्येक ठोक्याला एक ऑक्टेव्ह, एकाच जोडीवर वर-खाली. जोडी बदलायची घाई नको, तीन फ्रेटची उडी तिथेच फसते.

नट_आणि_ब्रिज:
९ च्या तारा अंगठ्याखाली लोळतात. ११ च्या, जाड फ्लॅटवाउंड (सपाट पट्टी गुंडाळलेल्या, गुळगुळीत) तारा लावा, तिसरी तारही गुंडाळलेलीच घ्या. ताण वाढला की ट्रेमोलो ब्रिज (तारा बसतात तो स्प्रिंगवरचा हलता भाग) पुढे उचलला जातो. मागचं झाकण काढून स्प्रिंगच्या पट्टीचे दोन्ही स्क्रू सारखेच, अर्धा-अर्धा फेरा आवळा. नेक (गिटारचा गळा) पुढे वाकली तर ट्रस रॉड (तिच्या आतली धातूची कांब) पाव फेराच फिरवा, मग दिवसभर थांबून बघा. सूर लावताना नटपाशी (नेकच्या वरच्या टोकाला तारांच्या खाचा असलेल्या पट्टीपाशी) ‘टिक’ आवाज आला तर खाच अरुंद आहे; तिच्यात पेन्सिलीचं शिसं घासा, तरी अडकलं तर खाच रुंद करून घ्या. पिकअप नेककडचा, टोन ३-४ वर.

सातरस्ता_सहातार:
उन्हाळ्यात गिटार कूलरच्या खोलीत ठेवली तर चालेल?

नट_आणि_ब्रिज:
उघडी नको. रात्री दमट, दुपारी आपलं सोलापुरी ऊन. लाकूड फुगतं-आकसतं आणि सूर रोज उतरतो. केसमध्ये बंद ठेवा, कूलरच्या झोतापासून लांब. फ्रेटची टोकं बोटाला बोचायला लागली तर लाकूड जास्तच सुकलंय. भोकं पाडलेल्या साबणदाणीत ओला, घट्ट पिळलेला स्पंज घालून केसमध्ये ठेवा.