विदर्भातील जिल्ह्यांचे सर्वोच्च बिंदू: कोणती जागा खरी धरावी आणि तिथवर कसे जावे?

सेलूचा वाटसरू (जि. वर्धा)

नमस्कार मंडळी.

अमेरिकेत तीन हजारांहून अधिक काउंट्या आहेत आणि त्या प्रत्येकीच्या सर्वांत उंच जागेवर स्वतः जाऊन उभे राहण्याचा छंद तिथे कित्येक जण वर्षानुवर्षे निष्ठेने जोपासतात. त्यात गिर्यारोहणाचा पराक्रम असतोच असे नाही. फ्लोरिडा या संपूर्ण राज्याची सर्वोच्च जागा अवघी १०५ मीटर उंचीची आहे, तर इंग्लंडमधील हंटिंगडनशायर या जुन्या परगण्याचा माथा म्हणजे ८० मीटर उंचीवरचे एक शेत आहे. तरीही माणसे वाट वाकडी करून तिथे जातात, कारण त्या निमित्ताने एरवी कधीही पाय न लागणारा मुलूख पाहून होतो. मला हे वेड मनापासून आवडले आणि आपल्या विदर्भाच्या अकरा जिल्ह्यांसाठी ते आपणही करावे, असे मी ठरवले आहे.

अमरावतीबाबत शंका नाही. चिखलदऱ्याजवळचे सुमारे ११७८ मीटर उंचीचे वैराट हे त्या जिल्ह्याचेच नव्हे, तर सगळ्या विदर्भाचे सर्वोच्च ठिकाण आहे. आमच्या वर्धा जिल्ह्यात कारंजा (घाडगे) भागातल्या गरमसूरचे नाव जुनी माणसे घेतात. परंतु यवतमाळ, वाशीम यांसारख्या जिल्ह्यांत पठारावर उभे राहिले की चहूकडे सारखीच जमीन दिसते. तिथे नेमकी उंच जागा कशी ठरवावी? जिल्ह्याची सीमा डोंगराच्या उतारावरून गेली असेल आणि खरा माथा शेजारच्या जिल्ह्यात असेल, तर आपल्या जिल्ह्याचा बिंदू कोणता मानावा? आणि अभयारण्यातल्या जागांचे काय करावे? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

निवृत्त भूमापक

वाटसरू भाऊ, हा प्रश्न वर्धा जिल्ह्यातून यावा याचा मला विशेष आनंद झाला. ज्या विल्यम लॅम्बटनने १८०२ साली मद्रासपासून भारताच्या त्रिकोणमितीय मोजणीला आरंभ केला, तो ही मोजणी उत्तरेकडे नेत असताना २० जानेवारी १८२३ रोजी आपल्या हिंगणघाटला वारला आणि त्याची कबरही तिथेच आहे. पुढे जॉर्ज एव्हरेस्टने ते काम हाती घेतले. आज आपण ज्या उंच्या सहज बोलून जातो, त्यांचा पाया या मोजणीने घातला आहे.

आता आपल्या प्रश्नाकडे वळतो. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) २० मीटरच्या अंतराने काढलेल्या असतात, काही माथ्यांवर लहान त्रिकोण काढून उंचीचा आकडा दिलेला असतो आणि काही ठिकाणी नुसता ठिपका व आकडा असतो. समजा, एखाद्या पठारावर ५६० मीटरच्या रेषेने वेढलेले तीन उंचवटे आहेत आणि एकावरही आकडा नाही, तर त्यांपैकी कोणताही ५६० आणि ५८० मीटरच्या दरम्यान कितीही उंच असू शकतो, म्हणून नकाशापुरते बोलायचे तर तिन्ही उमेदवार सारख्याच योग्यतेचे ठरतात. अशा वेळी तिन्ही ठिकाणी जाऊन यावे, हा अमेरिकेतील छांदिष्टांचा दंडक आहे आणि तो मला न्याय्य वाटतो. उगाच सोयीची एक जागा निवडून मोकळे होण्यात अर्थ नाही.

उपग्रहाच्या आकड्यांवर डोळे झाकून विसंबू नये. फेब्रुवारी २००० मध्ये अंतराळयानातून रडारने पृथ्वीची जी उंची मोजली गेली, ती आज अनेक संकेतस्थळांवर आणि मोबाईलच्या नकाशांत वापरली जाते. परंतु ती रडारलहर दाट झाडोऱ्यात जमिनीपर्यंत पोहोचतच नाही, त्यामुळे सागवनाने झाकलेला उंचवटा शेजारच्या बोडक्या टेकडीपेक्षा काही मीटरने उंच असल्याचा भास होतो. मोबाईलच्या जीपीएसचे दुखणे वेगळे आहे. तो उंची मोजतो ती पृथ्वीच्या एका गणिती लंबगोलापासून, आणि आपल्या भागात सरासरी समुद्रसपाटी त्या लंबगोलाच्या पन्नास मीटरांहून अधिक खाली आहे. काही ॲप हा फरक आपोआप दुरुस्त करतात, काही करत नाहीत. म्हणून नकाशावर ५७० लिहिलेल्या जागी मोबाईलने ५१० च्या आसपास आकडा दाखवला, तर आपण भलत्याच टेकडीवर आलो असे समजून परत फिरू नये.

दोन उंचवटे समोरासमोर दिसत असतील, तर गवंड्याकडची पाण्याची पारदर्शक नळी फार उपयोगी पडते. नळी इंग्रजी यू अक्षरासारखी धरून तिच्यात अर्धे पाणी भरावे, हवेचे बुडबुडे निघून जाऊ द्यावेत आणि दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या कडा एका रेषेत आणून त्या रेषेतून समोरच्या उंचवट्याकडे पाहावे. समोरची जमीन त्या रेषेच्या वर आली तर ती आपल्या डोळ्याहून उंच आहे. खाली राहिली, तर आपल्या डोळ्याची उंची वजा करून विचार करावा. मग पलीकडे जाऊन तिथून पुन्हा तसेच पाहावे. दोन्ही बाजूंनी एकच निष्कर्ष निघाला, तरच तो पक्का समजावा.

सीमेविषयी नियम सरळ आहे. जिल्ह्याच्या हद्दीतली सर्वांत उंच जमीन म्हणजेच त्या जिल्ह्याचा सर्वोच्च बिंदू, मग तो माथा असो वा उताराच्या मध्येच हद्द जिथे सर्वांत वर चढते ती जागा असो. कळसूबाईचे १६४६ मीटरचे शिखर अकोले आणि इगतपुरी तालुक्यांच्या सीमेवर आहे, म्हणून तिथे एकाच चढणीत दोन जिल्हे साधतात; आपल्याकडे गरमसूरच्या बाजूला वर्धा आणि नागपूर यांची हद्द अशीच नीट तपासावी लागेल.

आणखी एक. प्रसिद्धी आणि उंची यांची गल्लत करू नये. नागपूर जिल्ह्यात उंच म्हटले की लोकांना रामटेक आठवते, कारण गडमंदिराची टेकडी मैदानातून एकदम वर आलेली आहे. परंतु काटोलकडची शेतजमीन मुळातच रामटेकच्या पायथ्याहून वर आहे. पायथ्यापासूनची उंची वेगळी आणि समुद्रसपाटीपासूनची वेगळी. या छंदात दुसरीच मोजायची असते.

अकोटवाला

काकांनी नकाशाचे सर्व सांगितले आहे, म्हणून मी केवळ जंगलाविषयी लिहितो.

वैराट मेळघाट व्याघ्र प्रकल्पात आहे आणि तिथल्या गावाचे पुनर्वसन झालेले आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार अभयारण्यात परवानगीशिवाय प्रवेश करता येत नाही, आणि पर्यटनाची परवानगी मिळाली तरी ती ठरलेल्या वाटांपुरतीच असते. वन विभागाकडे आधी चौकशी करावी, वाहनातून उतरण्याची मुभा कुठे आहे ते विचारावे आणि वनरक्षक जिथे थांबा म्हणेल तिथेच थांबावे. आमच्या अकोला जिल्ह्यात उंच जागा म्हणून नरनाळ्याचे नाव घेतले जाते. तिथे शहानूर गावाच्या फाटकातून नोंद करून जाता येते. किल्ल्याच्या आत १४८७ सालचा महाकाली दरवाजा, शक्कर तलाव आणि नऊगजी तोफ पाहण्यात बहुतेकांचा वेळ जातो. आपण मात्र तटाच्या आतील सर्वांत उंच जमीन शोधून तिथवर जावे आणि बुरूज किंवा भिंत यांच्यावर चढून मिळवलेली उंची धरू नये, कारण मोजायची ती नैसर्गिक जमीन.

बुलढाण्याचे काम मला सर्वांत रंजक वाटते. त्या जिल्ह्याच्या उत्तरेला संग्रामपूर तालुक्यात अंबाबरव्याचे सातपुड्यातील डोंगर आहेत, दक्षिणेला अजिंठ्याच्या रांगेचे पठार आहे आणि मध्ये पूर्णेचे सपाट खोरे पसरलेले आहे. दोन्हीकडचे नकाशे शेजारी शेजारी ठेवल्याशिवाय तिथे निकाल लावू नये. ज्ञानगंगा अभयारण्याच्या परिसरात अस्वलांचा वावर आहे. मोहफुले गळण्याच्या दिवसांत पहाटे त्या बाजूच्या झाडीत एकट्याने शिरण्याचे टाळावे.

माळपठार पुसद

मी शेती करते आणि आमच्या माळपठारावरून लिहिते आहे. वाटसरू भाऊंनी सपाट जिल्ह्यांविषयी विचारले, त्यातली एक बाजू अजून कोणी मांडलेली नाही: अशा जिल्ह्यांत सर्वांत उंच जागा बहुधा कोणाच्या तरी वावरात किंवा वावराच्या धुऱ्यावर (बांधावर) असते.

दिवाळीच्या आगेमागे तुरी डोक्याएवढ्या होतात आणि पऱ्हाटी (कपाशी) वेचणीला येते. त्या दिवसांत अनोळखी माणूस हातात मोबाईल धरून वावरात फिरताना दिसला, तर तो मोजणीला आला की जमीन पाहायला आला, ही शंका कोणालाही येणारच. आधी गावात थांबावे, वावर कोणाचे आहे ते विचारावे, मालकाला भेटून आपला उद्देश स्पष्ट सांगावा. माझा अनुभव असा आहे की नीट सांगितले तर लोक स्वतः सोबत येतात आणि पावसाचे पाणी कोणत्या बाजूला वाहून जाते हे बोट दाखवून समजावून देतात. त्या माहितीचे मोल नकाशाइतकेच आहे. पाणी जिथून दोन्हीकडे फुटते तो धुरा शेतकऱ्याला तोंडपाठ असतो, आणि उंचवटा शोधताना तिथूनच सुरुवात केलेली बरी.

रानडुकरांसाठी अनेकांनी वावराभोवती झटका मशीनच्या तारा लावलेल्या असतात. दिवसा त्या बंद असतील असे गृहीत धरू नये, आणि काही ठिकाणी अजूनही लोक घरगुती विजेचा प्रवाह चोरून तारेत सोडतात, जो जिवावर बेततो. म्हणून तार ओलांडायचीच झाली, तर मालकाला सोबत घेऊनच ओलांडावी. बरडावर पावसाळ्यानंतर कुसळी गवत कमरेएवढे वाढते. त्याची कुसळे मोज्यांतून थेट कातडीत शिरतात, त्यामुळे जाड कापडाची, गुळगुळीत विणीची पँट घालावी आणि मोजे तिच्या आत झाकावेत. पावसाळ्यात काळ्या मातीत पाय उचलवत नाही आणि मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम आहे.

जिवतीकर

एका मुद्द्याकडे लक्ष वेधतो. आपण कोणते जिल्हे धरणार आहात? २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरातून गडचिरोली वेगळा झाला, १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वाशीम आणि १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून गोंदिया. त्याआधी विदर्भात आठच जिल्हे होते. भामरागड आणि सूरजागडचे डोंगर गडचिरोलीकडे गेल्यावर चंद्रपूरला आपला माथा शोधण्यासाठी आमच्या माणिकगड पहाडाकडे पाहावे लागते, आणि दरेकसाचे डोंगर गोंदियाकडे गेल्यामुळे भंडाऱ्याला अंबागड व गायखुरीच्या टेकड्या तपासाव्या लागतात.

इंग्लंडमध्येही हाच पेच आला होता. यॉर्कशायरचा सर्वोच्च डोंगर मिकल फेल, उंची ७८८ मीटर, १९७४ च्या फेररचनेत डरहॅम परगण्यात गेला, तेव्हापासून तिथले लोक ऐतिहासिक परगण्यांची आणि आजच्या परगण्यांची अशा दोन याद्या ठेवतात. त्या डोंगरावर लष्कराचे सरावक्षेत्र असल्यामुळे त्यांनाही परवानगी काढूनच जावे लागते. आपणही आठांची आणि अकरांची अशा दोन याद्या कराव्यात, कारण जिल्हा तोडताना कोणता डोंगर कोणाकडे गेला हे त्यातूनच लक्षात येते.

जिवती तालुक्यात आणखी एक अडचण आहे. इथल्या १४ गावांवर तेलंगणाही आपला हक्क सांगतो, म्हणून या बाजूला काम करताना सीमा कोणत्या नकाशावरून घेतली हे आपल्या नोंदीत स्पष्ट लिहावे.

गडचिरोली आणि गोंदिया या दोन जिल्ह्यांविषयी कळकळीने सांगतो. तिथले अनेक डोंगर हे आदिवासी समाजाचे देवस्थान आहेत. दरेकसाजवळच्या कचारगडला माघ पौर्णिमेला गोंड समाजाची मोठी यात्रा भरते, सूरजागडच्या पहाडावर ठाकूरदेवाचे ठाणे आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाल्यानंतर त्या भागातील अनेक ग्रामसभा आपल्या जंगलाचा कारभार स्वतः पाहतात. माथ्यावर जाण्यापूर्वी ग्रामसभेला विचारावे, आणि नाही म्हटले तर यादीतला तो रकाना रिकामा राहू द्यावा. स्थानिक पोलीस ठाण्यात आधी कळवणेही आवश्यक आहे.

सेलूचा वाटसरू

सर्वांचे मनापासून आभार. पुसदच्या ताईंनी पाणी कुठे फुटते ते विचारण्याची जी युक्ती सांगितली, ती मी आमच्याच तालुक्यात आधी वापरून पाहीन. दोन याद्यांची कल्पनाही पटली. काका, नकाशे कुठून आणि कोणत्या क्रमांकाने मागवावेत, एवढे कृपया सांगावे.

निवृत्त भूमापक

सर्वेक्षण विभागाने २०१७ मध्ये ‘नक्शे’ ही सेवा सुरू करून १:५०,००० चे नकाशे विनामूल्य उपलब्ध केले; ते विभागाच्या संकेतस्थळावर नोंदणी करून उतरवून घ्यावेत. जुन्या पद्धतीत चिखलदरा आणि वैराटचा परिसर ५५ जी/७ या नकाशा-पत्रकात येतो, आणि जुन्या पुस्तकांत आपल्याला हेच क्रमांक आढळतील; नव्या मालिकेत मात्र क्रमांकाची पद्धत वेगळी आहे. ७८ अंश रेखांशाच्या पश्चिमेकडचा भाग, म्हणजे मेळघाट, अकोला, बुलढाणा, हा एफ ४३ ने सुरू होणाऱ्या पत्रकांत सापडेल, तर वर्धा, नागपूर, भंडारा, गोंदिया यांची पत्रके एफ ४४ ने सुरू होतात. २० अंश अक्षांशाच्या दक्षिणेकडील जिवती, अहेरी, भामरागड यांच्यासाठी ई ४४ ची पत्रके पाहावीत. यवतमाळ जिल्हा ७८ अंशांच्या रेषेच्या दोन्ही बाजूंना आणि २० अंशांच्याही खाली पसरलेला असल्यामुळे त्याची पत्रके या तीन गटांत आणि ई ४३ या चौथ्या गटात विभागली आहेत. ती सर्व एकत्र जोडून जिल्ह्याची हद्द पेन्सिलीने गिरवून घ्यावी आणि मगच सर्वांत वरची रेषा शोधायला बसावे.