मदत हवी आहे : विसरभोळेपणा वाढतोय, पण चाचणीत ३० पैकी २७. बायकांमध्ये अल्झायमर उशिरा कळतो का?

अनामिका : नमस्कार. ६८ वर्षांच्या, पदवीपर्यंत शिकलेल्या बाईंबद्दल विचारतेय. वर्षभरात तोच प्रश्न पुन्हा विचारणं, गोळ्या दोनदा घेणं, बिलं राहून जाणं असं सुरू आहे. एमएमएसई (स्मरण आणि विचारशक्तीची छोटी प्रश्नोत्तरी) चाचणीत ३० पैकी २७ आले आणि 'वयोमानानुसार ठीक आहे' म्हणून सांगितलं. निदान करताना बाई-पुरुष असा फरक पडतो का? आता पुढे काय करायचं?

निशिगंध : पडतो, आणि नेमका याच चाचणीत. शब्द लक्षात ठेवण्यात बायका तरुणपणापासून सरासरीने पुरुषांच्या पुढे असतात. एमएमएसईत शब्द तीनच, आणि काही मिनिटांतच परत विचारतात. आजार सुरू झाला तरी आधीची शिल्लक तेवढ्यापुरती भागवून नेते. पेट स्कॅनमध्ये मेंदूचा ग्लुकोजचा वापर (तो घटणं ही आजाराची खूण) पुरुषाइतकाच घटलेला असतानाही सुरुवातीच्या टप्प्यात बाईला शब्द जास्त आठवतात, असं अभ्यासात दिसलंय. शिल्लक संपली की घसरण भराभर होते. घरच्यांना वाटतं सहा महिन्यांत सगळं बिघडलं; खरं तर दिसायलाच उशीर झालेला असतो.

न्यूरोसायकॉलॉजिस्टकडून (स्मरण, विचारशक्ती तपासणारे मानसतज्ज्ञ) सविस्तर चाचणी करून घ्या. त्यात १५ शब्दांची यादी पाच वेळा वाचतात, मध्ये दुसरी यादी घालतात आणि २०-३० मिनिटांनी पहिली विचारतात. निकाल त्याच वयाच्या, तेवढ्याच शिकलेल्या *बायकांच्या* सरासरीशी ताडायला सांगा. स्त्री-पुरुषांच्या एकत्रित सरासरीत त्या पुन्हा 'ठीक' ठरू शकतात. सोबत महिन्याभराची नोंद न्या : तारीख, काय चुकलं, पूर्वी ते काम कसं जमायचं. 'हल्ली विसरते' एवढंच सांगितलं तर डॉक्टरांच्या हाती काहीच लागत नाही.

पानगळ : चाचणीआधी औषधांची पिशवी रिकामी करून बघा, माझा तर यावरच जोर आहे. लघवीच्या घाईसाठी ऑक्सिब्युटिनिन किंवा टॉल्टेरोडिन, झोपेसाठी किंवा दुखण्यासाठी अमिट्रिप्टिलिन, सर्दीसाठी क्लोरफेनिरामिन यातलं काही चालू आहे का? ही औषधं ॲसिटिलकोलीन या मेंदूतल्या संदेशवाहक रसायनाचं काम अडवतात आणि स्मरणाला तेच लागतं. अल्झायमरची गोळी डोनेपेझिल उलट तेच वाढवते आणि तिच्याने लघवीची घाई होऊ शकते. मग त्यावर ऑक्सिब्युटिनिन दिली जाते आणि दोन गोळ्या एकमेकींचं काम पुसत बसतात.

टीएसएच (थायरॉइडसाठी), बी१२, हिमोग्लोबिन, सोडियम आणि नैराश्याची तपासणीही करून घ्या. गोंधळ एक-दोन दिवसांतच वाढला तर त्याच दिवशी दाखवा. लघवीचा संसर्ग बायकांना जास्त होतो, आणि उतारवयात जळजळ न होताही नुसती भ्रमावस्था येऊ शकते.

अनामिका : ऑक्सिब्युटिनिन आहे! ५ मिग्रॅ दिवसातून दोनदा, दीड वर्ष. शिवाय ४२व्या वर्षी दोन्ही अंडाशय काढलेत. आता हार्मोनच्या गोळ्यांचा उपयोग होईल का?

पानगळ : ऑक्सिब्युटिनिन मनाने बंद करू नका. त्याऐवजी मिराबेग्रॉन हे लघवीच्या घाईचंच दुसरं औषध चालेल का, डॉक्टरांना विचारा. त्याने रक्तदाब वाढू शकतो, म्हणून आधी आणि नंतर मोजायचा. बदल झाल्यावर चार-सहा आठवडे जाऊ द्या, मगच सविस्तर चाचणी. नाहीतर गोळीचा परिणाम आजाराच्या खात्यात जमा होईल.

निशिगंध : स्मरणासाठी हार्मोन आता नकोत. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात ६५ वर्षांवरच्या ज्या बायकांना इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन एकत्र दिलं, त्यांच्यात स्मृतिभ्रंशाचं प्रमाण सुमारे दुप्पट निघालं. नैसर्गिक रजोनिवृत्तीआधी अंडाशय काढल्याने धोका वाढल्याचं काही अभ्यासांत दिसलंय, म्हणून ती तारीख नोंदीत वर लिहा, पण त्याची भरपाई आता गोळीने होत नाही.

पुढे निदान झालंच तर डोनेपेझिल ५ मिग्रॅने सुरू होते आणि चार-सहा आठवड्यांनी १० होते. सुरू करण्याआधी नाडी आणि ईसीजी बघायला सांगा, कारण नाडी मंदावून चक्कर येते. वजन दर महिन्याला लिहून ठेवा. मुळात अंगाने बारीक असलेल्या बाईची भूक या गोळीने गेली तर दोन-तीन किलो उतरलेलंही महागात पडतं.